दात ढिले होतील का हो? डीप क्लिनिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी येऊन थांबतात, की डेंटिस्टने सांगितलंय किटण खूप साचलंय, साधं क्लिनिंग पुरणार नाही, डीप क्लिनिंग करा, आणि आता करावं की नको ते कळत नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं थोडी कापावी लागली, राग मानू नका.

प्रश्न : डॉक्टर, वय ४२. बऱ्याच वर्षांनी दात दाखवायला गेलो, तेही फक्त एक फिलिंग पडलं होतं म्हणून. त्यांनी काहीतरी टोचून टोचून बघितलं आणि असिस्टंटला आकडे सांगत गेले, तीन, पाच, पाच, सहा असे. मग म्हणाले चार सिटिंगमध्ये डीप क्लिनिंग करावं लागेल, इंजेक्शन देऊन. मला काहीही दुखत नाही, आरशात दात बरे दिसतात. खरंच गरज आहे की उगाच गळ्यात मारतायत?

ते आकडे आधी समजून घ्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते, सगळ्यांनाच असते. तिच्यात मिलिमीटरच्या खुणा असलेली एक पातळ बोथट सळई अलगद सरकवतात, तिला प्रोब म्हणतात, आणि ती किती आत जाते ते वाचतात. एका दाताला सहा ठिकाणी, तीन बाहेरून आणि तीन जिभेच्या बाजूने. आकडा १ ते ३ आला तर हिरडी दाताला नीट धरून आहे. ४ आला की लक्ष ठेवायचं, आणि ५-६ किंवा त्यावर गेला आणि वर मोजताना रक्तही आलं तर तिथे हिरडी दातापासून सुटत चाललीये असं समजायचं. त्या खोल झालेल्या फटीला पॉकेट म्हणतात.

आता आरशाचं सांगते. आरशात तुम्हाला दिसतं ते हिरडीच्या वरचं किटण, पिवळट पांढरं. पॉकेटच्या आतलं तुम्हाला दिसणारच नाही, ते काळपट तपकिरी असतं कारण सुजलेल्या हिरडीतून झिरपणाऱ्या रक्ताचा रंग त्यात उतरतो, आणि वरच्यापेक्षा ते जास्त कडक असतं, मुळाच्या खडबडीत पृष्ठभागात अगदी रुतून बसतं. साध्या क्लिनिंगमध्ये वरचं आणि हिरडीच्या कडेचं निघतं. पॉकेटमध्ये उतरून मुळावरचं काढायचं तर त्याला स्केलिंग आणि रूट प्लेनिंग म्हणतात, तेच तुमचं डीप क्लिनिंग. त्यासाठीच इंजेक्शन लागतं.

आणि दुखत नाही म्हणून गरज नाही, हा हिशेब इथे चालत नाही. दाताला कीड लागली आणि ती आतल्या नसेपर्यंत पोचली की माणूस रात्री उठून बसतो. हिरडीचा आजार तसा नाही, तो आतल्या आत वर्षानुवर्षं दाताभोवतीचं हाड कमी करत जातो आणि बहुतेकांना कळतं ते दात हलायला लागल्यावर किंवा हिरडीला गळू आल्यावर. ब्रश करताना रक्त येणं, तोंडाला वास येणं, हिरडी खाली सरकल्याने दात लांब दिसायला लागणं, या खुणा आहेत, दुखणं ही खूण नाही.

शंका येणं मात्र चुकीचं नाही. त्यांच्याकडे आकड्यांचा चार्ट मागा आणि एक्स-रेवर हाड कुठपर्यंत आहे ते दाखवा म्हणा, चांगला डॉक्टर आनंदाने दाखवेल. सगळीकडे २-३ असतील आणि नुसतं रक्त येत असेल तर ती हिरडीची सूज झाली, ती साध्या क्लिनिंगने आणि नीट ब्रशने पूर्ण बरी होते, तिथे डीप क्लिनिंगचं काम नाही. पण तुम्ही लिहिलेत तसे ५-६ चे आकडे बऱ्याच ठिकाणी असतील तर तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. दुसरीकडे दाखवायचं असेल तर तोच चार्ट आणि एक्स-रे घेऊन जा, आणि त्यात दोन-तीन महिने घालवू नका.

प्रश्न : ताई, मी ५८ वर्षांची. खालच्या पुढच्या दातांच्या मागे दगडासारखं जाड साचलंय, जिभेला लागतं. माझ्या धाकट्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी असंच साफ करून घेतलं आणि नंतर तिचे दात हलायला लागले, फटी पडल्या. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात हात लावू नकोस, आहेत ते दात तरी राहतील. काय करू?

ताई, ही भीती मला रोज ऐकायला मिळते आणि याच भीतीपायी वाचवता आले असते असे दात लोकांनी गमावलेले मी बघितलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ते तिथेच का साचतं ते बघा. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं अगदी खालच्या पुढच्या दातांच्या मागेच उघडतात. दुसरी अशी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथे गालातून लाळ येते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. दातावर जो मऊ चिकट थर असतो, ज्याला प्लाक म्हणतो आणि जो म्हणजे जिवंत जंतूंची वस्ती असते, तो तसाच राहिला की हे क्षार त्यात उतरायला लागतात, एक-दोन दिवसांतच सुरुवात होते आणि साधारण दोन आठवड्यांत त्याचं चांगलं कडक किटण होतं. मग ते ब्रशने निघत नाही. आणि त्याच्या खरखरीत पाठीवर नवा प्लाक आणखी सहज बसतो. खरं नुकसान हा वरचा जिवंत थर करतो, किटण त्याला हक्काची जागा देतं. जंतूंना तोंड देताना हिरडी सुजते, ती सूज खाली उतरते आणि दाताला धरणारं हाड हळूहळू झिजतं.

आता तुमच्या बहिणीचं. बरीच वर्षं किटण साचतं तेव्हा ते एका दातावरून दुसऱ्यावर जातं आणि चार-सहा दात मिळून एक सलग पट्टी होते. आत हाड कमी झालेलं असतं, दात खरं तर आधीच ढिले असतात, पण ही पट्टी त्यांना एकमेकांना बांधून ठेवते. पडायला आलेल्या भिंतीला टेकू लावावा तसं, फक्त हा टेकू ज्या भिंतीला धरतो तिलाच पोखरत असतो. तो काढला की हलणं जाणवतं आणि दोष साफसफाईवर येतो. फटींचंही तेच, ती जागा आधी किटणाने आणि सुजून फुगलेल्या हिरडीने भरलेली होती, किटण गेलं, सूज उतरली, जागा उघडी झाली. दात कुणी घासून बारीक केले नाहीत. मशीनने दाताचं वरचं कवच निघतं असंही लोक म्हणतात, तर नीट हाताळलं तर तसं होत नाही, ते कवच शरीरातला सगळ्यात कडक भाग आहे.

बहुतेक वेळा सूज उतरली की काही आठवड्यांत हिरडी पुन्हा दाताला घट्ट बसते आणि हलणं कमी होतं. गेलेलं हाड मात्र नुसत्या क्लिनिंगने परत येत नाही, ते जिथे आहे तिथे थांबतं, आणि थांबणं हीच मोठी गोष्ट आहे. खूप हलणारे दात असतील तर मागून बारीक तार किंवा फायबर चिकटवून एकमेकांना बांधतात, त्याला स्प्लिंट म्हणतात. एखादा दात इतका गेलेला असू शकतो की तो वाचणार नाही, हेही मी लपवणार नाही, पण तो किटण ठेवल्यानेही वाचत नाही, उलट शेजारच्यालाही घेऊन जातो. एक करा, साफ करण्याआधी डॉक्टरांना विचारा की आत्ता कुठला दात किती हलतोय, आणि ते लिहून ठेवायला सांगा. मग नंतर घरच्यांशी वाद होणार नाही.

प्रश्न : मला इंजेक्शनची आणि त्या मशीनच्या आवाजाची प्रचंड भीती वाटते, दोनदा अपॉइंटमेंट घेऊन रद्द केली. नेमकं काय करतात ते सांगाल का, म्हणजे मनाची तयारी करता येईल.

सांगते ना. आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावतात, मग सुई, त्यामुळे सुई टोचल्याचं कमी जाणवतं, औषध आत जाताना थोडा दाब लागतो. बहुतेक ठिकाणी एका वेळी तोंडाचा पाव किंवा अर्धा भाग करतात, उदाहरणार्थ उजवीकडचं वरचं आणि खालचं, म्हणजे दुसऱ्या बाजूने खाता येतं. एका भागाला साधारण पाऊण ते एक तास धरा. काही जण एक-दोन दिवसांत सगळं तोंड करतात, दोन्ही पद्धती चालतात.

मग अल्ट्रासोनिक स्केलर. त्याचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ५० हजार वेळा थरथरतं आणि किटणाचे तुकडे सुटतात, सोबत सतत पाण्याचा फवारा असतो कारण टोक गरम होतं आणि पॉकेटमधली घाण धुऊन निघायला हवी. जो चीं असा बारीक आवाज येतो तो हाच. बोअर मारायचं मशीन वेगळं, हे दात कापत नाही. पाणी तोंडात साचतं म्हणून गुदमरल्यासारखं वाटतं, त्यासाठी असिस्टंट सक्शनची नळी धरून असतो, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा.

त्यानंतर हाताची हत्यारं, बारीक वळणदार क्युरेट. हा भाग मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मशीन काही न बघता पॉकेटमध्ये चालतं आणि क्युरेट धरलेलं बोट सांगतं की आत अजून काय उरलंय. किटण असेल तिथे करकर लागते, बोटाला खडे खडे जाणवतात, आणि ते निघालं की तेच पातं एकदम सुळकन घसरतं. तुम्हालाही हाडातून ती करकर ऐकू येईल, ऐकू येईल पण दुखणार नाही, आणि दुखलंच तर गप्प बसायचं नाही, आधीच ठरवून घ्या की मी डावा हात वर केला की थांबायचं. पूर्वी मूळ अगदी काचेसारखं होईपर्यंत खरवडायचे, आता तेवढं खरवडत नाहीत, किटण आणि थर काढायचा आणि मूळ जपायचं असं धोरण आहे.

बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तेवढ्या वेळात चावून खाऊ नका, ओठ किंवा गाल चावला जातो आणि कळत नाही. आणि हो, पेसमेकर असेल तर आधी नक्की सांगा, काही प्रकारची अल्ट्रासोनिक मशीन्स अशा पेशंटला वापरायची टाळतात.

प्रश्न : ऑनलाइन दात खरवडायचा स्टीलचा सेट मिळतो, तो घेऊन घरीच आरशात बघून काढलं तर? किंवा बेकिंग सोडा, कोळशाची पावडर?

नको. वरचं थोडं निघेल आणि काम झालंसं वाटेल, आतलं तसंच राहील. शिवाय टोकदार सळई निसटली की हिरडी फाटते, मुळावर ओरखडे पडतात आणि सुटलेला तुकडा पॉकेटमध्ये ढकलला गेला तर तिथे गळू होऊ शकतो. सोड्याने डाग थोडे जातात, किटण विरघळत नाही. कोळशाची पावडर जोरात घासली तर दात झिजतो. आंबट काहीतरी लावून किटण विरघळवा असंही फिरत असतं, किटण विरघळवेल इतकं आम्ल दातालाही सोडणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, डायबिटीस आहे, हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. हिरड्यांतून पू येतो. डेंटिस्ट म्हणतात डीप क्लिनिंग, आम्हाला भीती वाटते रक्त थांबलं नाही तर? गोळ्या चार दिवस बंद करू का?

स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, हे सगळ्यात आधी. स्टेंट असलेल्या माणसाने अचानक गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो आणि तो हिरडीतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर आहे. हिरडीतलं रक्त दाबून, टाके घालून किंवा औषधाचा बोळा ठेवून थांबवता येतं, म्हणून बहुतेक पेशंटचं क्लिनिंग गोळ्या चालू ठेवूनच करतात, थोडं थोडं, एका वेळी एक भाग. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची ताजी तपासणी बघून ठरवतात. डेंटिस्टने हार्टच्या डॉक्टरांशी बोलायचं, तुम्ही फक्त गोळ्यांची पूर्ण यादी न्या. नुसत्या स्टेंटसाठी क्लिनिंगआधी अँटिबायोटिक लागत नाही. कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन झालेलं असेल तर लागतं, तसं काही असेल तर सांगायला विसरू नका.

डायबिटीसचं वेगळं सांगते कारण तुमच्या वडिलांना याचा सगळ्यात जास्त फायदा होणार आहे. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोर धरतो, आणि हिरडीत सतत सूज असली की साखर आटोक्यात यायला अडचण होते, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. डीप क्लिनिंगनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी खाली आल्याचं अभ्यासांत दिसलंय. औषधाच्या जागी क्लिनिंग असा अर्थ नाही, पण औषधाच्या जोडीला ही मदत छोटी नाही. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, त्यांनी नेहमीसारखं खाऊन आणि गोळी घेऊन यावं, उपाशी आणू नका.

ब्लडप्रेशरसाठी अम्लोडिपिन घेतात का तेही बघा. त्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात आणि किटण जास्त साचतं, गरज वाटली तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. हिरड्या लाल होऊन रक्त येतंय, किटणही आहे. बाळंतपणानंतरच करावं ना?

थांबायची गरज नाही. पाचवा महिना ही उलट सोयीची वेळ आहे, मळमळ कमी झालेली असते आणि खुर्चीत आडवं पडणं अजून जमतं. हार्मोन्समुळे थोड्याशा प्लाकलाही हिरडी जास्त भडकते, म्हणून आत्ता रक्त जास्त दिसतंय. बधिर करायचं नेहमीचं लिग्नोकेन चालतं, एक्स-रे खरंच गरज असेल तरच. उपचारामुळे वेळेआधीची प्रसूती टळते असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही, पण उपचार आई आणि बाळाला सुरक्षित असल्याचं दिसलं. खुर्चीत थोडं डाव्या कुशीवर झोपा म्हणजे चक्कर येणार नाही.

प्रश्न : डीप क्लिनिंग करून दहा-बारा दिवस झाले. थंड पाणी लागलं की जीव जातो. हिरड्या खाली गेल्यासारख्या दिसतात आणि दोन दातांमध्ये वर काळी त्रिकोणी फट दिसते. शिवाय दिलेल्या माउथवॉशने दात तपकिरी झालेत. काही चुकलं का?

तुम्ही लिहिलंय ते सगळं या उपचारानंतर होतं, घाबरू नका. मुळाला वरच्या भागासारखं कडक कवच नसतं, त्यावरचं किटण गेलं आणि सूज उतरून हिरडी आटली की मूळ उघडं पडतं, म्हणून थंड लागतं. बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत कमी होतं. पोटॅशियम नायट्रेट किंवा स्टॅनस फ्लोराइड असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट सकाळ-संध्याकाळ वापरा, रात्री झोपताना तीच बोटाने त्या जागी थोडी चोळून ठेवा, आणि थंड लागतं म्हणून तिथे ब्रश करायचा सोडू नका, लोक हेच करतात आणि मग तिथेच पुन्हा साचतं. महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टर फ्लोराइड व्हार्निश लावून देतील.

काळ्या त्रिकोणाचं वर लिहिलंय तेच कारण. तरुण वयात हिरडी थोडीफार परत भरून येते, पण हाड गेलेलं असेल तर फट राहते. ती दिसायला फारच खुपत असेल तर फिलिंगच्या मटेरियलने दाताचा आकार थोडा बदलून झाकता येते, पण घाई नको, हिरडी स्थिर झाल्यावर.

माउथवॉश क्लोरहेक्झिडिन असणार. ते फार चांगलं औषध आहे पण दोन आठवड्यांपुरतं, जास्त दिवस घेतलं की दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग येतात, चवही बदलते. डाग पॉलिशिंगने निघतात. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच ते घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकांनी त्याचा जोर कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस झाले असतील तर आता बंद करा.

सूज वाढतेय, पू येतोय, ताप आहे, असं काही असेल तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : मी दिवसातून दोनदा ब्रश करतो, तरी सहा महिन्यांत किटण. बायको एकदाच करते आणि तिला जवळजवळ नाही. हा काय अन्याय?

लाळ प्रत्येकाची वेगळी. कुणाच्या लाळेत क्षार जास्त, कुणाचे दात एकमेकांवर चढलेले, त्यामुळे काहींना किटण भराभर होतं. पण तुमच्या सौ.ना निश्चिंत राहू देऊ नका, किटण कमी असूनही हिरडीचा आजार असू शकतो, त्यांचीही एकदा मोजणी करा.

दोनदा ब्रश करूनही साचतं याचं एक जुनं उदाहरण आहे. १६८३ साली लेव्हेनहूक नावाच्या डच संशोधकाने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर काढून आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात हलणारे जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तो माणूस रोज सकाळी मिठाने दात घासायचा, दातात अडकलेलं काडीने काढायचा, कापडाने दात पुसायचा, आणि तरीही दाढांच्या मध्ये तो थर होताच. तुमचंही तेच होतंय, ब्रश दाताच्या मोकळ्या बाजूंवरून फिरतो, दोन दातांच्या मध्ये आणि हिरडीच्या कडेला पोचत नाही.

हिरडीकडून किती पटकन प्रतिसाद येतो तेही बघा. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या काही जणांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला लावलं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा साफ करायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे सवय बदलली की फळ लवकर दिसतं.

मऊ ब्रश घ्या, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशात टेकवा आणि तिथल्या तिथे बारीक थरथरवा, आडवं खसाखसा ओढू नका. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरा, फक्त टोकाचे केस वापरा, तुमचं किटण तिथेच होत असणार. दोन मिनिटं पूर्ण. आणि रात्री दातांच्या मधून इंटरडेंटल ब्रश, घट्ट पण जोर न लावता जाईल अशा साइजचा, जिथे तो जात नाही तिथे फ्लॉस. पहिल्या आठवड्यात रक्त येईल, म्हणून थांबू नका, सूज उतरली की ते येणं बंद होतं. टार्टर म्हणजे हेच किटण, टार्टर कंट्रोलच्या पेस्टने हिरडीवरचं नवीन किटण जरा सावकाश होतं, आधीचं निघत नाही.

प्रश्न : रोज सात-आठ सिगारेट ओढतो. दात काळे झालेत पण हिरडीतून कधीच रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या चांगल्याच असणार ना?

दादा, नाही. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आणि सुजेचा प्रतिसाद दबतो, रक्त येत नाही आणि आत हाड मात्र इतरांपेक्षा जास्त वेगाने जातं. तुमच्याकडे धोक्याची खूणच पुसली गेलीये, म्हणून तुम्ही प्रोबने मोजून आणि एक्स-रे काढूनच बघायला हवं, आरशावर विसंबू नका. सिगारेट चालू ठेवून डीप क्लिनिंग केलं तर फायदा होतो पण कमी होतो, पॉकेट तेवढं भरत नाही. सोडल्यावर काही दिवस हिरडीतून जास्त रक्त येताना दिसेल, ती हिरडी जागी होतेय, तेव्हा त्याला घाबरून परत ओढू नका. सोडायला मदत लागत असेल तर निकोटिनचे गम, पॅच आहेत, औषधं आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा. मनापासून सांगते, दात वाचवायला तुमच्या हातात यापेक्षा मोठं काही नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी सगळं डीप क्लिनिंग केलं. आता पुन्हा म्हणतात काही जागी ६ मिमी आहे, तिथे सर्जरी लागेल आणि बाकीचं दर तीन महिन्यांनी साफ करत राहा. मग पहिल्यांदा केलं ते वाया गेलं का?

वाया गेलं असतं तर बाकी जागाही खोलच राहिल्या असत्या. डीप क्लिनिंगनंतर सहा-आठ आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीतरी पुन्हा मोजतात, तोपर्यंत हिरडीला चिकटायला वेळ लागतो. बऱ्याच जागा ३-४ वर येतात. काही येत नाहीत, मुख्यतः दाढांच्या, कारण दाढेला दोन-तीन मुळं असतात, मुळं फुटतात त्या बेचक्यात हत्यार नीट शिरत नाही, आणि पॉकेट ५ मिमीपेक्षा खोल गेलं की कितीही कसबी हात असला तरी थोडं किटण राहून जातं. अशा जागी हिरडी थोडी उघडून, डोळ्यांनी बघून साफ करतात, त्याला फ्लॅप सर्जरी म्हणतात. हाडाचा खड्डा विशिष्ट आकाराचा असेल तर त्यात बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भरही घालतात, सगळीकडे तो चालत नाही. हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडून करून घ्या.

तीन महिन्यांचं म्हणाल तर खोल पॉकेटमध्ये जंतूंची वस्ती काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत परत जमते, घरच्या ब्रशला तिथे पोचता येत नाही, म्हणून ती मुदत ठरलेली आहे. हा आजार झालेल्यांना पहिली काही वर्षं तरी ३-४ महिन्यांनी यावं लागतं, मग सगळं स्थिर दिसलं तर अंतर वाढवतात.

तुम्ही पुढच्या वेळी जाताना मागच्या वर्षीचा पहिला चार्ट मागून घ्या आणि आत्ताचा शेजारी ठेवा. जिथे आकडा कमी झालाय तिथे काम झालंय. जिथे तसाच आहे किंवा वाढलाय त्या प्रत्येक जागेसाठी विचारा की इथे परत क्लिनिंग करून बघायचं, सर्जरी करायची की नुसतं लक्ष ठेवायचं, आणि रक्त येतंय का तेही विचारा, कारण ६ मिमी आणि रक्त नाही, आणि ६ मिमी आणि दर वेळी रक्त, या दोन जागांचा निर्णय वेगळा होऊ शकतो.